चित्राखालची ओळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही एखाद्या संपाचा इतिहास सांगू अशी त्यांची अटकळ असावी. तीस वर्षे कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या दारांत द्वारसभा घेण्यात घालविलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करावयाची? परंतु आम्ही विषय निवडला आहे तो चित्राखालच्या ओळीचा. वर्तमानपत्राच्या कचेरीत जिला फोटोओळ म्हणतात ती एक ओळ. आणि संकेतस्थळावरील चित्राच्या मागे लिहून ठेवलेली, डोळसाला एरवी न दिसणारी, पण अंध माणसाचे यंत्र त्याला वाचून दाखविते ती दुसरी. या दुसरीला पर्यायी मजकूर म्हणतात. विषय एवढासा, त्यावर तासभर काय बोलणार, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याही मनात तेच आले असते.

विषय आम्हांस ग्रंथांतून सापडला नाही. आमचे शिक्षण रात्रीच्या शाळेत आणि पुढे वाचनालयाच्या बाकावर झाले. ग्रंथांकडे आम्ही वळतो ते अडल्यावर. हा विषय सापडला तो एका चुकीतून, आणि ती चूक आमची स्वतःची होती.

एका मोठ्या कचेरीत पगारवाढीचा करार व्हावयाचा होता. मसुदा ठरला, त्यावर सभासदांचे मतदान घ्यावयाचे ठरले. पत्रके छापून दारात वाटण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. आम्ही मसुद्यातील मुख्य कलमे टंकून घेतली, त्यांना लाल चौकट घातली, वर युनियनचे बोधचिन्ह बसविले आणि ते सगळे एक चित्र करून सर्वांच्या फोनवर धाडून दिले. दिसायला फार सुबक झाले होते. मतदानाच्या दिवशी त्या कचेरीतले टेलिफोन ऑपरेटर आले नाहीत. गृहस्थ जन्मापासून अंध. सभेला कधी न चुकणारे. आम्हांस थोडा रागच आला होता. दुसऱ्या दिवशी विचारले तर ते म्हणाले, “दादा, तुमचं पत्रक आलं होतं. माझा फोन नुसतं ‘इमेज’ म्हणाला आणि गप्प झाला. मला वाटलं, कुणीतरी सणाच्या शुभेच्छा पाठवल्यात. सकाळपासून पंधरा जणांच्या येतात.”

त्या करारात एक कलम असे होते की, टेलिफोन विभागातील जागा रिकाम्या झाल्यावर पुन्हा भरू नयेत. करार त्या कलमासह मंजूर झाला. ज्याच्या विभागाचा प्रश्न, तेवढ्या एकाच माणसाला त्या कलमाची वार्ता नव्हती. आणि ती त्याच्यापासून व्यवस्थापनाने लपविली नव्हती, आम्ही लपविली होती. हेतू नव्हता हे खरे. पण हेतू नव्हता, हे वाक्य आम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूकडून इतक्या वेळा ऐकले आहे की, आपल्याच तोंडून ते काढवेना.

तेव्हापासून आम्ही या ओळीचा मागोवा घेऊ लागलो. चित्राखाली काय लिहावे आणि कोणासाठी, याचा विचार कामगारांच्या बाजूने पूर्वी कोणी केला होता काय? शोधता शोधता आम्ही अमेरिकेतील एका शाळामास्तरापाशी येऊन थांबलो.

त्यांचे नाव लुईस हाइन. न्यूयॉर्कच्या एका शाळेत ते शिकवीत, आणि तेथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९०८ साली बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीने त्यांना नोकरीवर घेतले, आणि पुढची कित्येक वर्षे हा मनुष्य कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, मासळी डबाबंद करण्याची ठिकाणे असा हिंडत राहिला. आत कोण घेणार? मग कधी विमा एजंट व्हावे, कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढावयास आलेला छायाचित्रकार. यंत्राची उंची दिसावी म्हणून शेजारी एक पोर उभे करावे आणि फोटो काढावा. त्या मोहिमेतले पाच हजारांहून अधिक फोटो आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत.

हाइन यांचे फोटो पुष्कळांनी पाहिले असतील. पण आम्हांस त्यांच्या फोटोंपेक्षा त्यांच्या खिशाचे अधिक कौतुक वाटते. कोटाच्या खिशात ते एक वही ठेवीत आणि मुकादमाच्या नजरेआड, खिशातल्या खिशात टिपणे करीत. पोराची उंची कशी मोजावी? आपल्या कोटाचे कोणते बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्यांना पाठ होते. पोर शेजारी उभे राहिले की ते कोणत्या बटणापर्यंत येते एवढे पाहिले म्हणजे झाले. मग रात्री मुक्कामावर येऊन प्रत्येक फोटोसाठी ओळ लिहावयाची: गाव, गिरणी, तारीख, मुलाचे नाव, वय, किती दिवस कामावर आहे, पाळी कोणती, मजुरी किती. १९०८ च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅरोलायना संस्थानात लँकेस्टर गावच्या गिरणीत काढलेला त्यांचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. साच्यांच्या लांबच लांब रांगेपुढे एक चिमुरडी उभी आहे. फोटो पाहून जीव कळवळतो. पण कळवळा आला म्हणून कायदा होत नसतो. खालची ओळ सांगते की, मुलीची उंची ४८ इंच आहे, तिने अर्धे वर्ष काम केले आहे, आणि गिरणीत तिच्याएवढी लहान मुले पुष्कळ आहेत. मालकाला त्या चित्राचा प्रतिवाद करता येतो. चित्र खोटे आहे, पोर बापाचा डबा घेऊन आले होते, असे म्हणता येते, आणि तसे म्हटलेही जाई. नाव, गाव, तारीख आणि ४८ इंच यांचा प्रतिवाद करणे जड जाते.

याच हाइन यांनी १९०९ साली एका व्याख्यानात बजावले होते की, छायाचित्र खोटे बोलत नसेल, पण खोटे बोलणारी माणसे छायाचित्रे काढू शकतात. म्हणून तर त्यांना ओळ हवी होती. पुढे १९१६ साली बालमजुरीवर मध्यवर्ती कायदा झाला. १९१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. टिकणारा कायदा व्हावयास १९३८ साल उजाडले. हाइन १९४० साली वारले, तेही हलाखीत. या तीस वर्षांच्या लढ्यात शेकडो लोकांचा हात होता, एकट्या फोटोंनी तो जिंकला असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र एक गोष्ट येथेच सांगून टाकली पाहिजे. हाइन यांची ओळ ही डोळसांसाठी होती. जे चित्रात दिसते ते ती सहसा सांगत नाही. दिसत नाही ते सांगते. साच्यांची रांग, मुलीचा उभा राहण्याचा ढंग, खिडकीतून येणारा उजेड, हे वाचणाऱ्याला दिसतच आहे असे तिने धरले आहे. ज्याला चित्रच दिसत नाही त्याला आधी साचे आणि मुलगी सांगावी लागते. फोटोओळ आणि पर्यायी मजकूर या दोन बहिणी खऱ्या, पण एकीचे काम दुसरीला जमत नाही. आमच्या ओळखीचे कितीएक संपादक अजूनही तीच ओळ दोन्ही ठिकाणी चिकटवितात. मग अंध वाचक एकच वाक्य लागोपाठ दोनदा ऐकतो आणि चित्रात काय आहे ते त्याला कळत नाही ते नाहीच.

ही दुसरी बहीण जन्मली कशी, ती हकीकत मोठी मौजेची आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास जे जाळे विणले, ते मुख्यतः अक्षरांचे होते. अक्षरे यंत्राला वाचता येतात. अंधांसाठी पडद्यावरील अक्षरे बोलून दाखविणारे स्क्रीन रीडर तोवर निघालेले होते. मोटारीच्या अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर नावाचे अमेरिकन गृहस्थ १९८९ पासून असलाच एक बनवून विकत होते. म्हणजे जाळे अक्षरांचे होते तोवर अंध आणि डोळस तेथे जवळजवळ एका पंक्तीला जेवत होते. १९९३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मार्क अँड्रीसन या तरुण अभियंत्याने पानात चित्र बसविण्याची खूण सुचविली. त्या सूचनेत चित्र कोठून आणावे हे होते. चित्र न दिसणाऱ्याने काय करावे हे नव्हते. त्याच वर्षी मोझेक नावाचा ब्राउझर निघाला आणि बघता बघता पानोपानी चित्रे आली.

चित्राच्या जागी वाचावयाचा मजकूर ही सोय १९९५ सालच्या नियमांत लिखित स्वरूपात आली. तीही मुळात अंधांची कणव येऊन नव्हे. त्या काळी तारा मंद होत्या, चित्र उतरावयास मिनिटे लागत, कित्येकांच्या यंत्रांवर नुसती अक्षरेच उमटत. डोळसांचीच अडचण होती, म्हणून सोय झाली. १९९७ च्या डिसेंबरात निघालेल्या नव्या नियमांनी प्रत्येक चित्राला असा मजकूर आवश्यक ठरविला, आणि ५ मे १९९९ रोजी जाळ्याच्या नियामक संस्थेने सर्वांना पोहोचता येईल अशी पाने करण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतले पहिलेच तत्त्व हे की, जे दिसते वा ऐकू येते त्याला तोलाचा पर्याय द्या.

तत्त्वे कागदावर आली. आता ती कोणी वापरून पाहावयाची? महिन्याभराने तो माणूस पुढे आला, ऑस्ट्रेलियात.

२००० साली सिडनीला ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. ब्रूस मॅग्वायर हे जन्मांध गृहस्थ. संगणकावरील मजकूर ते बोटांखाली उठणाऱ्या ब्रेल ठिपक्यांनी वाचीत. ७ जून १९९९ रोजी त्यांनी तेथील मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे सामन्यांच्या संयोजन समितीविरुद्ध तक्रार दाखल केली. तिकिटांची माहितीपुस्तिका ब्रेलमध्ये मिळत नाही, ही एक बाब होती. पण गाजली ती संकेतस्थळाची बाब. मागण्या तीन: सर्व चित्रांना पर्यायी मजकूर द्या, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीकडे जाण्याची वाट करून द्या, निकालांचे तक्ते वाचता येतील असे करा. मनुष्य पदक मागत नव्हता, खास आसन मागत नव्हता. कोण जिंकले ते इतरांबरोबर कळावे, एवढेच त्याचे मागणीपत्र होते.

समितीने जे उत्तर दिले ते वाचताना आम्हांस आपण एखाद्या वाटाघाटीच्या खोलीतच बसलो आहोत असे वाटू लागले. निकालांच्या तक्त्यांचे १,२९५ आराखडे आहेत, प्रत्येकाला दोन तास लागतील. संकेतस्थळाचे उरलेले सारे काम एका माणसाने रोज आठ तास केले तर ३६८ दिवस लागतील. निराळी यंत्रणा उभारावी लागेल आणि तिला सुमारे बावीस लाख डॉलर पडतील. कायद्यात अशी सवलत होती की, सोय करून देण्यात असमर्थनीय अडचण येत असेल तर ती करण्याचे बंधन नाही. समिती त्या सवलतीचा आधार घेत होती. ३६८ दिवस! एका माणसाने! एवढ्या मोठ्या सोहळ्याची समिती हे काम एकाच माणसाला का देणार, हे कोणी सांगितले नाही. संडासाला कडी बसवून मागितली तेव्हा साऱ्या इमारतीच्या दुरुस्तीचा अंदाज पुढे ठेवणारे व्यवस्थापक आम्हीही पाहिले आहेत.

मॅग्वायर यांच्या बाजूने दोन जाणकारांनी साक्ष दिली, ऑस्ट्रेलियाचे टॉम वर्दिंग्टन आणि कॅनडातील जुटा ट्रेविरॅनस. त्यांनी सांगितले की, आराखड्यांची संख्या सांगितली जाते त्याहून पुष्कळच कमी आहे, एकेकाला दोन तास लागणार नाहीत, आणि निराळी यंत्रणा लागण्याचे कारण नाही. आयुक्त विल्यम कार्टर यांनी २४ ऑगस्ट २००० रोजी निर्णय दिला: अडचण असमर्थनीय नाही, १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सामन्यांच्या उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, संकेतस्थळ वाचण्याजोगे करा. समितीने केले ते अर्धवट. नोव्हेंबरात आयोगाने तिला २०,००० डॉलर भरपाई द्यावयास लावली. परंतु तोवर सामने संपून एक महिना उलटला होता. मॅग्वायर यांना पैसे मिळाले. निकाल वाचावयाचे होते ते दिवस मिळाले नाहीत. वेळेवर न मिळालेला हक्क आणि सेवानिवृत्तीनंतर मिळालेली बढती यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही.

या निर्णयाचा गाजावाजा जगभर झाला. पुढे अमेरिकेत अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने टार्गेट या दुकानदार कंपनीवर असाच दावा लावला आणि २००८ साली साठ लाख डॉलरांवर तडजोड झाली. त्या हकिकतीत आम्ही शिरत नाही. एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. मॅग्वायर यांच्याच देशातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली एक स्क्रीन रीडर लिहावयास घेतला आणि तो फुकट वाटला. तोपर्यंत चांगले स्क्रीन रीडर इतके महाग असत की, संगणक परवडला तरी तो बोलता करणे परवडू नये.

आपल्याकडे आणखी एक दुखणे होते. मराठी संकेतस्थळे सुरू झाली तेव्हा प्रत्येकाचा टंक निराळा. पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण यंत्राच्या पोटी रोमन अक्षरांची खिचडी असे, आणि अंध वाचकाचे यंत्र ती खिचडीच बोलून दाखवी. कित्येकांनी टंकांच्या कटकटीला कंटाळून मजकुराचेच चित्र केले. वस्तुतः युनिकोड या जागतिक संकेतमालेत देवनागरीला १९९१ पासून जागा होती. आपण तेथे राहावयास गेलो फार उशिरा. मजकुराचे चित्र करण्याची ती खोड अजून गेलेली नाही. आमच्या लाल चौकटीच्या पत्रकाचे पूर्वज ते हेच.

कायदा नाही असे मात्र म्हणता यावयाचे नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा सांगतो की, छापील असो वा विजेच्या माध्यमातील, मजकूर सर्वांना वापरता येईल अशा रूपात असावा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालचा, सुलभतेची मानके नुसती शिफारशीसारखी ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरविला. बंधनकारक मानके करा, असे केंद्र सरकारला बजावले. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने संगणकी सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. किमान वेतनाचा कायदा झाल्यावर किमान वेतन मिळावयास काय काय करावे लागते, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यामुळे या निर्णयांचा आनंद आम्ही बेताने मानतो.

कोणी म्हणेल, आता यंत्रेच चित्र ओळखू लागली, ओळ लिहिण्याची यातायात कशाला? फेसबुकने २०१६ च्या एप्रिलपासून चित्रांचे आपोआप वर्णन सांगावयास सुरुवात केली, आणि त्यानंतर ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. आमच्या एका मोर्चाचे चित्र अशा यंत्राला दाखविले तेव्हा माणसे, रस्ता, बाहेरची जागा असे काहीसे ते म्हणाले. खोटे काहीच नव्हते! पण मोर्चा कशासाठी निघाला होता, फलकावर काय होते, पुढे कोण चालत होते, हे माहीत असणारा मनुष्य त्या चित्राशी बसल्याशिवाय ओळ लिहून व्हावयाची नाही.

ओळ लिहिणे कठीण नाही. ठरविणे कठीण आहे. निवेदन दिल्याचा फोटो बातमीत असेल तर कोणी कोणाला दिले ते सांगावे, भिंतीचा रंग सांगू नये. तोच फोटो कचेरीच्या दुरवस्थेवरील लेखात असेल तर पोपडे आलेली भिंत हीच मुख्य गोष्ट होते. नुसत्या शोभेची वेलबुट्टी असेल तर तिची जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, म्हणजे यंत्र मुकाट्याने पुढे जाते. तेथे ‘सुंदर नक्षी’ असे लिहिणे म्हणजे घाईत असलेल्या माणसाला थांबवून तोरण दाखविण्यासारखे आहे. चित्रात अक्षरे असतील तर ती जशीच्या तशी लिहावीत. आणि ‘चित्र’ या शब्दाने सुरुवात करू नये. ते यंत्र सांगतेच.

हे आम्हांस त्या टेलिफोन ऑपरेटरांनी शिकविले. गेल्या वर्षी युनियनचे जुने फोटो संकेतस्थळावर ठेवावयाचे ठरले तेव्हा आम्ही त्यांना जवळ बसवून घेतले. आम्ही फोटो पाहून सांगावयाचे आणि त्यांनी प्रश्न विचारावयाचे, असा क्रम ठेवला. जुन्या ओळी आमच्याच हातच्या होत्या. ‘डावीकडून अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि इतर कार्यकर्ते.’ ‘उपोषणास बसलेले पदाधिकारी व इतर.’ त्या ‘इतर’ शब्दापाशी ते दर वेळी थांबत आणि विचारीत, “इतर म्हणजे किती?” मग आम्ही मोजीत असू. कधी अकरा, कधी चाळीस. बायका त्यांत किती, हे त्यांनी विचारल्यावर आम्ही प्रथमच पाहिले.

एका फोटोची ओळ होती, ‘भर पावसात द्वारसभेत बोलताना सरचिटणीस, समोर कामगार.’ सरचिटणीस म्हणजे आम्हीच. आम्ही सांगू लागलो: पाऊस आहे, छत्र्या आहेत, फाटकाच्या डाव्या खांबाशी एक मनुष्य उभा आहे, त्याने पांढरी काठी घडी करून काखेत धरली आहे, आणि तोंड बोलणाऱ्याकडे नसून कर्ण्याकडे आहे. बोलता बोलता आम्ही थांबलो.

“तो मीच असणार,” ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “माझ्याकडे छत्री आहे?”

नव्हती. शेजारच्या माणसाने आपली छत्री त्यांच्यावर धरली होती आणि त्याचा स्वतःचा उजवा खांदा भिजून काळा पडला होता. आम्ही तसे सांगितले.

“त्या दिवशी मी भिजलो नाही, एवढं आठवतं,” ते म्हणाले. “कोण आहे तो शेजारचा?”

छत्रीच्या काठाने चेहरा अर्धा झाकला गेला आहे. आम्ही तो फोटो मोठा करून निवृत्त झालेल्या तिघाचौघांना दाखविला. एकाने कँटीनमधल्या माणसाचे नाव सांगितले, दुसऱ्याने डिस्पॅचमधल्या. ती ओळ अजून पुरी झालेली नाही.